मागच्या खुर्चीतली व्हायोला

व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. आवाज जाड, कौतुक कमी. आप्पांनी तीस वर्षं ती वाद्यवृंदात सगळ्यात मागच्या खुर्चीत बसून वाजवली, आणि तितकीच वर्षं त्यांचा मेहुणा विचारत आला, "भावोजी, लाकूड घासताय ते ठीक, पण आम्हाला ऐकायला कधी मिळणार?"

निवृत्ती तोंडावर आली आणि देव पावला. केव्हाच स्वर्गवासी झालेल्या एका संगीतकाराच्या रचनांचं ध्वनिमुद्रण ठरलं. त्यातली एक अशी, की एक व्हायोलिन आणि एक व्हायोला पुढं उभ्या राहून बाकीच्या ताफ्याशी गप्पा मारतात. पुढची व्हायोला अर्थात दुसऱ्याची. पण तबकडीच्या वेष्टनावर सगळ्यांची नावं छापणार होते. आप्पांनी मेहुण्याला त्याच दिवशी ती ऐकायला यायचं आमंत्रण देऊन टाकलं.

आता आप्पांना एक खोड होती. वाजवताना ते गुणगुणायचे. सभागृहात लोक खोकतात, तिथं ते खपून जायचं. पण मायक्रोफोन म्हणजे चुगलखोर जाऊबाई. पहिल्याच तुकड्याला काचेमागून आवाज आला, "मागं कुणीतरी भुंगा पाळलाय. पुन्हा ऐकू आला तर बाहेर काढा."

आप्पांनी ओठ घट्ट मिटले. तर बोटं बावचळली. गुणगुणावं तर नाव जातं, गप्प बसावं तर सूर जातो. इकडं आड, तिकडं विहीर. शेवटी त्यांनी गज तारेच्या केसभर वर धरला आणि शेजाऱ्याबरोबर नुसताच मागंपुढं हलवत राहिले. चेहरा मात्र समाधी लागल्यासारखा.

"आज व्हायोला काय स्वच्छ वाजल्या," वाद्यवृंद चालवणारे छडीवाले साहेब म्हणाले. आप्पांनी नम्रपणे मान लववली.

तबकडी घरी आली. मेहुण्यानं वेष्टनावर बोट फिरवून नाव शोधलं, मग डोळे मिटून ऐकू लागला. पुढची व्हायोला एकटी गाऊ लागली तसा म्हणाला, "मानलं भावोजी. उगाच हसत होतो मी इतकी वर्षं."

पाण्याचं निमित्त काढून आप्पा स्वयंपाकघरात गेले. बायको पेले विसळत होती.

"तुम्ही वाजवलंच नाहीत ना?" तिनं हळूच विचारलं.

"कशावरून?"

"भिंतीपलीकडून संसारभर ऐकतेय. ना भुणभुण, ना एक सूर घसरलेला. तुम्ही कसले त्यात."

"मग सांगून टाकू त्याला?"

"काही नको. जन्मात पहिल्यांदा माझ्या भावाला तुमचं वाजवणं आवडलंय. जा, त्याच्याशेजारी बसा आणि मान डोलवा."