मेलेल्या बंबाचा धूर

माझी फजिती ऐकायचीय? सांगते, पण आधी जरा टेकू द्या. त्या दिवसाचा थकवा अजून अंगातून गेला नाही.

माझ्या सातवीतल्या पिंकीला शाळेच्या प्रदर्शनासाठी तीन ज्वालामुखी करायचे होते. जागृत, निद्रिस्त आणि मृत. नंबर आणायचाच, असा तिचा हट्ट. डोंगर कागदाच्या लगद्याचे, धुराला कापूस. आमच्या सिंदी गावात कापसाला काय तोटा? लगदा मात्र मी कालवायचा.

"आई, निद्रिस्त अन् मृत यात फरक काय वं? दोन्ही तं गप्पच राह्यते."

मी म्हटलं, "चुलीत राखेखाली विस्तव राह्यते का नाई? ते निद्रिस्त. फुंकर घातली का पेटते. अन् अंगणातला बंब पाह्य. गिझर आल्यापासून थंडा पडला. तो मृत. आता कधीच पेटत नाई."

मृत डोंगर सगळ्यात मोठा आणि ओला. वाळवायला बंबावर ठेवला. बंबाचं धुराडं डोंगराच्या तोंडात नेमकं बसलं. मृतावर मृत! मला माझंच कौतुक वाटलं.

पहाटे वीज गेली. जळका वास आला म्हणून अंगणात धावले, तर डोंगर भकाभका धूर ओकतोय, टोकाला जाळ, आणि खाली 'मृत' लिहिलेली चिठ्ठी. समोर सासूबाई शांतपणे बंबात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या घालत बसलेल्या.

"आत्याबाई, बंब काऊन पेटवला?"

"लाइन गेली का मी पेटवतेच. तू उठतपर्यंत पाणी तापून बंब इझूनबी जाते. वरतं टोपलं कोणाचं हाय वं?"

मी बादलीभर पाणी ओतलं. अर्धा डोंगर काळा ठिक्कर. पिंकी रडायला लागली, "गेला माझा नंबर."

दुसरा करायला वेळ कुठला? तिनं डोळे पुसले, 'मृत' खोडून 'निद्रिस्त' लिहिलं आणि तसाच नेला. दोन निद्रिस्त कसे, असं बाईंनी विचारल्यावर पोरीनं सगळं सांगून टाकलं. दुसरा नंबर आला.

पुढच्या पालकसभेत बाई उठून म्हणाल्या, "वरून शांत दिसला म्हणून ज्वालामुखी मृत ठरत नाही. खाली काय आहे ते तपासावं लागतं."

मी मान डोलावली. खरंच आहे. बंबाशेजारी पऱ्हाट्यांची मोळी मी रोज ओलांडत होते.

तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे बोट केलं, "या त्या न तपासणाऱ्या."