न वाजणारा डबा

दीनानाथ सावईकरच्या घरात काहीही वाजत नाही. चमच्यांच्या खणात फडकं अंथरलेलं, औषधांच्या बाटल्यांमध्ये कापूस खुपसलेला, देवघरातली घंटासुद्धा आडवी निजवलेली. एकतीस वर्षं या माणसाने जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यातली शेवटची बारा चीफ इंजिनिअर म्हणून. वादळात सैल सुटलेला पाना काय करतो ते त्याने डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे सिंगापूरच्या बेडोक भागातला अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट हलत नाही, ही गोष्ट निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्याला पटलेली नाही. त्याच्या बायकोने, गिरिजाने, समजवायचा नाद कधीच सोडला.

निवृत्तीनंतर हा दिवसभर घरात बसून माझी कपाटं आवरणार, या धास्तीने तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिला वाचवलं विक्रांतने. विक्रांत दाभाडे म्हणजे दीनानाथचा जहाजावरचा दोस्त, पलीकडच्याच ब्लॉकमध्ये राहणारा. एका रविवारी तो याला ओढत बेडोक रिझर्व्हॉयरवर, तिथल्या मोठ्या तलावावर, घेऊन गेला आणि हातात मासे धरायचा रॉड दिला. पाऊण तास काही नाही. मग एका हिरव्या पट्ट्यांच्या, शेपटीवर काळा ठिपका असलेल्या पीकॉक बास माशाने असा काही हिसडा दिला, की दीनानाथ "आयला!" म्हणून ओरडला आणि त्या दिवसापासून कामातून गेला.

रिझर्व्हॉयरवर जिवंत आमिष चालत नाही. खोटे मासे लावायचे. बोटाएवढे, लाकडाचे नाहीतर प्लॅस्टिकचे, पोटाखाली हुक लोंबणारे. त्यांना ल्यूर म्हणतात. ते घेताना दोघांची दुकानात हमखास जुंपायची. विक्रांत रंग बघायचा. दीनानाथ रंगाकडे ढुंकूनही बघायचा नाही. तो खिशातलं भिंग काढून हुकाची कडी तपासायचा, टोक नखावर टेकवून बघायचा, आणि दुकानदार चिनी म्हातारा हताश होऊन चहा प्यायला निघून जायचा. रॉड किती लवचीक, दोरी किती जाडीची, सगळ्याचा कीस पाडल्याशिवाय पैसे बाहेर निघत नसत.

आणि घरी आल्यावरची निगा! आधी सगळं गोड्या पाण्याने धुवायचं. रिळाचा ब्रेक सैल करायचा, नाहीतर आतल्या चकत्या दबून बसतात. मऊ कापडाने टिपून, सावलीत वाळवून, मोजून एक थेंब तेल. दोरीचं पहिलं हातभर टोक बोटांतून ओढून बघायचं, खरखर लागली की कापून टाकायचं. मग वहीत तारीख. "माझ्या गुडघ्यांची एवढी काळजी घेतली असतीत, तर मी आज मॅरेथॉन पळाले असते," असं गिरिजा म्हणायची. यावर दीनानाथ खरोखरच विचारात पडायचा, म्हणजे गुडघ्यांना काय लावता येईल याच्या.

विक्रांतची बायको नीता. तिला रॉडबिड काही आवडायचं नाही, पण दगडांवर आपटून रंग उडालेले ल्यूर तिला बघवत नसत. ती जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बारीक ब्रशाने ते पुन्हा रंगवायची. "भावजी, तुमचेही आणा हो," म्हणायची. दीनानाथ नेत नसे. त्याचे आपटतच नसत.

दोन वर्षांपूर्वी नीता आजारी पडली. उपचार नाशिकला बहिणीजवळ करायचे ठरले. निघायच्या आदल्या दिवशी विक्रांत आपला रॉड आणि ल्यूरचा डबा घेऊन आला. "सांभाळ रे," एवढंच म्हणाला. दीनानाथ म्हणाला, "नव्यासारखं परत मिळेल." गेल्या वर्षी नीता गेली.  फोनवर दीनानाथने सांगितलं की तुझा रॉड मी पुसून ठेवतो, आणि विक्रांत म्हणाला बरं.

आता एका गुरुवारी फोन आला. विक्रांत परत आला होता, आपल्या फ्लॅटमध्ये, एकटाच.

"रविवारी सकाळी सातला, नेहमीच्या जागी. माझा डबा आण. आणि काय रे, नीताचा मासा आहे ना त्यात?"

"नारिंगी ना? आहे की! तुझं सामान कुठे जातंय?"

विक्रांतने 'नारिंगी' हा शब्द एकदा स्वतःशीच उच्चारला. "हां. तोच," म्हणाला. "तिने रंगवलेले बाकीचे कधीच पाण्यात तुटून गेले, तिच्या हातचं तेवढंच राहिलंय माझ्याकडे. तिचं बाकी सगळं बहिणीने वाटून टाकलं."

फोन ठेवून दीनानाथ ऐटीत माळ्याकडे गेला. रॉड आणि रीळ तर आरशासारखे लखलखत होते. डबा मात्र त्याने दोन वर्षं उघडला नव्हता. का उघडावा? ठेवतानाच त्याने तो पक्का बंदोबस्त करून ठेवला होता. विक्रांतचं सामान म्हणजे सगळा खुळखुळा. तेव्हा दीनानाथने ल्यूर ओळीने रचले, आणि मधल्या फटींत काय घालावं म्हणून बघितलं तर विक्रांतचीच मऊ रबरी गांडुळं सापडली, खोटीच, मासे धरायचीच. पिशव्या फोडून त्याने ती एकेका फटीत दाबून बसवली. डबा कानाशी धरून हलवला होता. टक् म्हणून आवाज नाही. त्या दिवशी तो स्वतःवर फार खूश होता.

त्याने झाकण उघडलं.

गांडुळं वितळली होती. सिंगापूरच्या उकाड्यात दोन वर्षं. जांभळा, हिरवा, काळा असा एक चिकट लगदा झाला होता आणि सगळे ल्यूर त्यात रुतले होते. दीनानाथने दोन बोटांनी नारिंगी मासा सोडवला. बोटाला रंग आला. रंगच आला बोटाला, ओल्या कुंकवासारखा! त्याने फडक्याने हलकेच पुसायला घेतलं, तशी पोटाजवळची नखाएवढी जागा साफ सोलली आणि खालचा कारखान्यातला असावा तसा निळा रंग दिसला. त्याने फडकं तिथेच टाकलं.

संध्याकाळी मुलगी ऋता ऑफिसातून येऊन टेकते न टेकते तोच त्याने तो मासा तिच्यापुढे धरला. तिने फोनवर दोन मिनिटं शोधलं. "बाबा, ही रबरी गांडुळं त्यांच्या पिशवीतच ठेवायची असतात. त्यातलं तेल बाहेर येतं आणि दुसऱ्या प्लॅस्टिकला, रंगाला खातं. एव्हरीबडी नोज दिस, लाह," ती इथल्या पोरांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

एव्हरीबडी! आणि एकतीस वर्षं तेलं, वंगणं, रबरी सीलं यांत काढलेल्या चीफ इंजिनिअरला माहीत नव्हतं. कुठलं सील कुठल्या तेलात फुगतं हे ज्याला झोपेत विचारावं, त्याने आपल्या हाताने फटीत गांडुळं कोंबली, का तर डबा वाजू नये म्हणून. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याने त्याला इंजिनरूममधून हाकलून दिलं असतं.

शुक्रवार त्याने साबणपाण्यात घालवला. बाकीचे ल्यूर बरेचसे निघाले, डागाळलेले पण धड. नारिंगी माशाला हात लावायची त्याची छाती होईना. जेवण जाईना. विक्रांत काय म्हणेल याची भीती नव्हती, तो काही म्हणायचाच नाही. नुसता बघेल त्या माशाकडे. ते बघणं दीनानाथला डोळ्यांसमोर दिसत होतं.

शनिवारी सकाळी तो मार्केटमध्ये गेला आणि एका दुकानातून नारिंगी नेलपॉलिश घेऊन आला. काळंही घेतलं, डोळ्याच्या ठिपक्यासाठी. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. चष्मा चढवला. बाटलीचं झाकण फिरवणार इतक्यात गिरिजा मागे येऊन उभी राहिली.

"अगंबाई! कोणासाठी नटताय?"

मग तिची नजर माशावर गेली आणि तिचं हसू गेलं. दीनानाथने सगळं सांगितलं, बायकोसमोर चोरी पकडल्यासारखं, खाली मान घालून. ती समोर बसली.

"म्हणजे तुम्ही रंगवणार आणि त्याला नीताचं म्हणून देणार?"

"त्याला कळणार नाही. जुना फोटो आहे माझ्याकडे. हुबेहूब करीन."

"कराल हो, तुमचा हात चांगलाच आहे. पण तो माणूस रोज तो मासा हातात घेऊन बसेल, त्याच्याशी बोलेल, आणि ती तुमची नेलपॉलिश असेल. चालेल तुम्हाला?"

दीनानाथने चष्मा काढून ठेवला. मग त्याने दोन्ही बाटल्या गिरिजाकडे सरकवल्या. "तूच लाव," म्हणाला. ती म्हणाली, "हा रंग? मेले तरी लावणार नाही."

रविवारी सकाळी विक्रांत आधीच येऊन उभा होता. केस पार पांढरे झालेले, सदरा खांद्यावरून ओघळणारा. दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या, आणि दोघेही पाण्याकडे वळले. कडेने लोक पळत होते, कुणी कुत्री फिरवत होतं. दीनानाथने रात्रभर वाक्यं जुळवली होती, पण तोंड उघडलं तेव्हा एकही जागेवर सापडलं नाही.

"विक्रांत, माझ्या हातून वहिनींचा मासा खराब झाला. मी गाढव आहे."

आणि त्याने तो रुमालात गुंडाळलेला मासा पुढे केला. गांडुळं, उकाडा, फटी, सगळं भडाभडा सांगून टाकलं. नेलपॉलिशचंही सांगितलं. विक्रांत ऐकत होता की नाही कोण जाणे. तो पोटाजवळच्या त्या निळ्या जागेकडे बघत होता.

"तेल आहे तुझ्याकडे?" त्याने विचारलं.

दीनानाथकडे तेल नसेल असं कसं होईल? त्याने रिळाची तेलाची बाटली आणि स्वच्छ फडकं काढून दिलं. विक्रांतने चांगले चार थेंब तेल ओतलं आणि मासा खसाखसा पुसायला लागला.

"अरे, अरे! काय करतोस! उरलंसुरलं तरी राहू दे!"

विक्रांत थांबेना. नारिंगी रंग सालासारखा निघत गेला. खालून निळा आला, पण तो कारखान्याचा नव्हता. त्यावर एकेक खवला काढलेला होता, चंदेरी, मुगाच्या डाळीएवढा. मग डोळा आला. टपोरा, थोडा तिरपा, आणि त्याला वर तीन पापण्या.

माशाला पापण्या!

"हा नीताचा," विक्रांत म्हणाला. "नारिंगी माझा होता रे. तिने हा निळा करून दिला, कौतुकाने. महिनाभर एक मासा लागला नाही याला. मी म्हटलं, निळा रंग या पाण्यात चालत नाही. ती म्हणाली, तुला टाकता येत नाही. मग ती एकदा नाशिकला गेली असताना मी दुकानातला रंग आणून हा नारिंगी करून टाकला. परत आल्यावर तिने बघितलं. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. मला वाटलं, सावकाश समजूत काढू. मग आजारपणच आलं." त्याने बाहीने नाक पुसलं. "तिकडे पलंगाशी बसून रोज वाटायचं की सांगावं, चुकलं माझं. राहून गेलं. आणि मी समजून चाललो होतो की तिचा रंग गेला तो गेलाच."

"पण गांडुळांनी वरचा खाल्ला, मग खालचा कसा सोडला?" दीनानाथमधला इंजिनिअर अशा वेळीही गप्प बसेना.

"तूच सांग. तिला ते जहाजाचं पारदर्शक व्हार्निश कुणी आणून दिलं होतं? दोन डब्यांतलं मिसळून लावायचं ते?"

दीनानाथला आठवलं. भावजी, जहाजाला लावतात ना, काही केल्या न सुटणारं, ते थोडं मिळेल का हो? त्याने शिपयार्डमधून दोन चिमुकले डबे आणून दिले होते आणि मिसळायचं प्रमाण कागदावर लिहून दिलं होतं. अर्धं-अर्धं, चोवीस तास वाळू द्यावं, घाई करू नये. तिने अगदी तसंच केलं होतं. त्या व्हार्निशला गांडुळंच काय, समुद्रसुद्धा खात नाही.

त्याचा जीव भांड्यात पडला. इतका पडला की त्याला खाली गवतावर बसावं लागलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याला भूक लागल्याचं जाणवलं, आणि नेलपॉलिशची ती बाटली उघडली असती तर, या विचाराने अंगावर काटाही आला.

विक्रांतने मासा त्याच्यापुढे धरला. "बांध दोरीला. तुझी गाठ सुटत नाही."

"वेडा आहेस का? तुटला, अडकला खाली कुठे तर? घरी ठेव, काचेत ठेव!"

"तिने काचेत ठेवायला रंगवला नव्हता."

दीनानाथने दोरीचं टोक बोटांतून ओढून बघितलं, तरी हातभर कापून टाकलं. पाच वेढे दिले, थुंकीने ओले केले, हळूहळू ओढून आवळले. तीन वेळा हिसका देऊन खात्री केली. हुकाची टोकं नखावर टेकवून बघितली. मग रिळाचा ब्रेक नेहमीपेक्षा जरा सैल ठेवला आणि रॉड दोस्ताच्या हातात दिला.

विक्रांतने निळा मासा टाकला. ओढत आणला. पुन्हा टाकला. दोन तास टाकत होता. दीनानाथ प्रत्येक वेळी श्वास रोखून बसायचा आणि पापण्यांचा मासा पाण्यातून वर आला की सोडायचा. पलीकडच्या पोराने दोन बास ओढले. यांच्याकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही.

आणि विक्रांत? त्याचा चेहरा फुलत चालला होता! शेवटी त्याने मासा ओढून हातात घेतला, पाणी झटकलं, त्याच्या तिरप्या डोळ्यात डोळे घालून मोठ्याने म्हणाला, "बघ! लागला एक तरी? मी सांगत नव्हतो तुला, निळा चालत नाही म्हणून? तर म्हणे मला टाकता येत नाही!" पळणारी एक बाई दचकून बाजूला झाली. विक्रांत हसत होता आणि डोळे पुसत होता. "चुकलं गं माझं. पण निळा चालत नाही."

परत निघताना विक्रांतने मासा डब्यात टाकला, नुसता, मोकळा. दीनानाथचा हात सवयीने खिशातल्या फडक्याकडे गेला, पण त्याने ते बाहेर काढलं नाही. ब्लॉकपर्यंतच्या वाटेवर पावलागणिक डबा खुळखुळत होता. दीनानाथ शेजारून चालत ऐकत राहिला.