पळीकाका

पहिल्याच भेटीत मी काकांकडे तीर्थ मागितलं होतं. आणि अजूनही माझं म्हणणं आहे की त्यात माझी काहीच चूक नव्हती. सिंगापूरच्या चोआ चू कांग भागातल्या त्यांच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी एक खोली भाड्याने घेतली होती. युनिव्हर्सिटीत संशोधनाची नवी नोकरी, दोन जड बॅगा, आणि घामाने चिंब झालेली मी. काकूंनी मला गार पाण्याचा पेला दिला आणि काकांपुढे तांब्याचं पंचपात्र ठेवलं, त्यात पळी. काकांनी डोळे मिटून एक पळी पाणी तोंडात घेतलं. मला वाटलं, पूजा आत्ताच आटोपली असणार. मी पेला खाली ठेवला आणि उजव्या हाताचा तळवा पुढे केला. काकांनी चेहरा जराही न बदलता त्यावर एक पळी पाणी घातलं. मी ते प्यायले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. तेव्हा कुठे काकूंना हसू आवरेना.

"अगं बाई, ते त्यांचं प्यायचं पाणी आहे!"

काका म्हणाले, "माझ्या वाटणीतली एक पळी गेली. असू दे, कोल्हापूरची पोरगी आहे, पहिल्याच दिवशी भांडण नको."

त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. मी 'कोल्हापूर' झाले, ती आजतागायत.

काकांच्या दोन्ही किडन्या कधीच थकून बसल्या होत्या. मी आले तेव्हा ते आठ वर्षं डायलिसिसवर होते. लघवी जवळजवळ नाही, म्हणून पाणी मोजून. त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्यांवरचा घोट आला. आणि हे कुठे, तर खाली जाऊन दूध आणलं तरी शर्ट पाठीला चिकटतो त्या सिंगापुरात. पेल्याने प्यायलं की दोन घोटांत खेळ खलास, पळीने प्यायलं की तेवढंच पाणी दिवसभर पुरतं, हा त्यांचा स्वतःचा शोध. ओळखीची सगळी मराठी मंडळी त्यांना पळीकाकाच म्हणायची. कधी मोह झाला आणि पळी भराभर चालायला लागली, की स्वयंपाकघरातून, मागे वळूनही न बघता, काकूंचा आवाज यायचा, "अहो, पुरे!" नुसत्या आवाजावरून त्यांना कसं कळायचं, देव जाणे.

मंगळवार, गुरुवार, शनिवार दुपारी काका इस्त्रीचा शर्ट घालून, सेंट लावून निघायचे. जायचं कुठे, तर पलीकडच्या ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या डायलिसिस सेंटरवर. "चार तास कुणी उठवत नाही, कुणी काम सांगत नाही. घरी आहे का असं सुख?" मागच्या वेळेपासून अंगात किती पाणी साठलं ते तिथे आधी वजन करून बघतात. शेजारच्या खुर्चीतले चिनी अंकल दर वेळी विचारायचे, "टुडे हाऊ मच?" काका छाती काढून सांगायचे, "ओन्ली वन पॉइंट फोर किलो!" त्यावर अंकल, "वाह, स्टेडी लाह!" म्हणजे तिकडचं शाब्बास. हा निकाल संध्याकाळी काकूंना आणि मला पुन्हा ऐकावा लागायचा.

रविवारी ते मला खाण्यापिण्याच्या स्टॉलांनी भरलेल्या हॉकर सेंटरमध्ये उसाचा रस पाजायला न्यायचे. स्वतः एक थेंबही प्यायचे नाहीत. समोर हनुवटीला हात लावून बसायचे आणि म्हणायचे, "एवढी घाई कसली? सावकाश पी. मला बघू दे." असं कुणी बघत असताना रस घशाखाली उतरतो का? पण त्यांना एवढा आनंद व्हायचा, की मी आपली निमूट प्यायचे.

वर्षभराने माझ्या साध्या तपासणीत लघवीतून प्रथिनं जात असल्याचं निघालं. मग बायोप्सी. मग डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं की हा किडनीचा आजार आयुष्यभराचा आहे. मीठ, रक्तदाब आणि गोळ्या सांभाळल्या तर किडन्या बरीच वर्षं साथ देतात. काहींना पुढे डायलिसिस लागतं, काहींना कधीच लागत नाही. मी विचारलं, "मला किती वर्षं?" त्या म्हणाल्या, "ते आज कुणालाच सांगता येणार नाही."

घरी येऊन मी खूप रडले, सरळ भोकाड पसरून. काकांनी रडू दिलं. मग म्हणाले, "डॉक्टरला वर्षं विचारायची नाहीत, कोल्हापूर. पुढची तारीख विचारायची. मला नऊ वर्षांपूर्वी कुणी नऊ वर्षं सांगितली असती, तर मी आकडा ऐकूनच गार झालो असतो. तारखा म्हणशील तर एकेक करून झाल्या की नाही?"

मला ते पटलं, पण अर्धंच. कारण पुण्यात अनिकेत होता. चार महिन्यांवर आमचं लग्न होतं. मी त्याला भलीमोठी मेल लिहिली: माझ्या नशिबात काय वाढून ठेवलंय ते ठाऊक नाही, तू मोकळा हो. पाठवायच्या आधी काकांना वाचून दाखवली. मराठी शुद्ध आहे का बघा, म्हटलं. काका पहिल्यांदाच माझ्यावर चिडले.

"त्याला विचारलंस?"

"त्याला काय विचारायचं? तो हो म्हणेल. म्हणून तर विचारत नाही."

"वा! म्हणजे त्याच्या वतीने नकार तूच देणार? त्याचं आयुष्य, ठरवू दे ना त्याला! तू कोण मोठी टिकोजीराव?"

माझं डोकंच फिरलं. कोल्हापूरच मी! आणि मला एक गोष्ट माहीत होती. काकूंचा आणि त्यांचा रक्तगट एकच. काकू गेली कित्येक वर्षं म्हणत होत्या, माझी एक किडनी घ्या. आणि काका त्यांना साधी तपासणीसुद्धा करू देत नव्हते. तिला पुढे काही झालं तर, एवढंच म्हणायचे आणि विषय बंद.

मी म्हटलं, "आणि काकूंच्या वतीने नऊ वर्षं नकार कोण देतंय? त्यांचंही आयुष्य आहे ना? ठरवू दे की त्यांना!"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मी बोलले ते बोलले. आता खोली सोडावी लागणार, असंच वाटलं. काकांनी पळी उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग आत हाक मारली, "माधवी, सोमवारी जमेल का गं तुला, हॉस्पिटलात जायला?"

काकू पदराला हात पुसत दारात आल्या. म्हणाल्या, "मी नऊ वर्षं रिकामीच आहे." आणि खाली बसून लहान मुलीसारख्या रडल्या.

मी ती मेल खोडली. अनिकेतला फोन करून सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "बरं. मग लग्नाच्या जेवणात मीठ कमी टाकायला सांगू का?" असा माणूस मी सोडायला निघाले होते!

काकूंच्या तपासण्यांना काही महिने लागले, सगळं जुळलं. ऑपरेशनं दोघांचीही व्यवस्थित झाली. नवी किडनी कामाला लागली आणि नवाच घोटाळा उभा राहिला. नर्स बजावून गेली होती, भरपूर पाणी प्या. आणि आमचे पळीकाका? घरून हट्टाने मागवलेल्या पंचपात्रातून एक पळी घेऊन, डोळे मिटून, चवीने पीत बसलेले. नर्स कमरेवर हात ठेवून ओरडली, "अंकल! ड्रिंक फ्रॉम द बॉटल, कॅन?" सवय काही सुटेना. घोट मोठा झाला की ते दचकून काकूंकडे बघायचे. शेवटी काकूंनी पळी काढून घेतली आणि बाटली हातात दिली.

नवी किडनी किती वर्षं चालेल, असं काकांनी डॉक्टरांना विचारलं नाही. पुढची तारीख विचारली. मीही तेच करते. आता अनिकेत आणि मी सिंगापुरातच, टॅम्पिनीसमध्ये राहतो, माझे रिपोर्ट गेली काही वर्षं जागचे हललेले नाहीत, आणि पुढची तारीख फ्रिजवर लावलेली असते.

काका-काकू पुण्याला कायमचे परत निघाले तेव्हा आम्ही विमानतळावर गेलो. काकांनी पळी माझ्या हातात दिली. "देवापुढे ठेव. तीर्थालाच वापर. कधी पाण्यासाठी लागली, तरी घाबरायचं नाही. कशी वापरायची ते तुला ठाऊक आहे." मी वाकून नमस्कार केला.

आत जायची वेळ झाली आणि काका कुठे दिसेनात. बघतो तर भिंतीजवळच्या पाण्याच्या नळावर वाकलेले, आणि पितायत, पितायत, थांबायचं नाव नाही. मागे दोन माणसं बाटल्या घेऊन उभी. काकू लांबूनच ओरडल्या, "अहो, पुरे!"

आणि तोंडावर हात ठेवून तिथेच थबकल्या. इतकी वर्षं त्यांनी तो शब्द जिवाच्या भीतीने उच्चारला होता. आज म्हणाल्या, ते विमान चुकेल म्हणून. काकांनी मान वर केली, हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. काकूंना म्हणाले, "थांब गं, अजून एक घोट," आणि पुन्हा वाकले.