कादंबरीत नसलेली इस्मे

बेल आन्स गावाला होड्या लागल्या की मासळी विकणारी टँटी इस्मे, म्हणजे सगळ्यांची इस्मे मावशी, शंख फुंकायची आणि तो ऐकून गाव हातातलं काम टाकून टोपल्या उचलायचं. नुसत्या मासळीसाठी नव्हे. ग्रेनाडाच्या त्या किनाऱ्यावर मासळी काय, कुठेही मिळते. इस्मेकडे मासळीबरोबर बातमी मिळायची. खवले काढता काढता कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणाच्या नाताळच्या केकात रम कमी पडली, सगळं सांगून झालं की ती वर म्हणायची, "मी बाई कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही."

अशा या गावावर कादंबरी निघाली. लिहिणारा लेनॉक्स गावचाच. शाळा बुडवून इस्मेच्या टेबलाशी बसून मोठा झाला आणि लंडनला जाऊन लेखक झाला. मोडेस्ट मास्तर रविवारी प्रार्थनेनंतर बदामाच्या झाडाखाली पुस्तक वाचून दाखवू लागले. नावं बदललेली होती, पण गाव काही दूधखुळं नव्हतं. वजनात मारणारा पाववाला आला तसा फिट्झरॉय बेकरीवाला ताडकन उठला.

"कोर्टात खेचतो त्या कार्ट्याला!"

"जाताना वजन करून जा," मागून कोणीतरी म्हणालं.

पण खरा घाव बसला क्लोटिल्डला. ही इस्मेची बालमैत्रीण, चर्चमध्ये पहिल्या ओळीत गाणारी. तिचा नवरा इंग्लंडला नोकरीला आहे, असं ती वर्षानुवर्षं सांगत आली होती. दर रविवारी ती धक्क्यावर उभी राहून रुमालही हलवायची, तोही जिकडे इंग्लंड नव्हतंच तिकडे. पुस्तकातल्या बाईचा नवरा मात्र त्रिनिदादपर्यंतच पोचला होता आणि तिथल्या एका रोटीवालीच्या घरी टेकला होता. क्लोटिल्ड खाली मान घालून घरी गेली. हे पोस्टमननेच फोडलं असणार, असं धरून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं.

इस्मेला मैत्रिणीचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तिचं सगळं लक्ष पुढच्या पानाकडे. आपण कधी येतो? ती चर्चची निळी टोपी घालून पहिल्या बाकावर बसायची. पुस्तकात फादर आले, मास्तर आले, मास्तरांची लंगडी बकरीसुद्धा आली. इस्मे आलीच नाही. शेवटचं पान संपलं तेव्हा तिला रडू फुटलं. ज्याला रोज तळलेले मासे आणि कोको चहा दिला, त्याला बकरी आठवली आणि आपण नाही!

कोळ्यांचा संत सेंट पीटर, त्याच्या सणाला, फादर होड्यांवर पवित्र पाणी शिंपडत असताना, लेनॉक्स स्वतःच हजर झाला. सगळं गाव किनाऱ्यावर. इस्मेने कमरेवर हात ठेवले.

"काय रे लेखका, मी का नाही तुझ्या पुस्तकात?"

"टँटी, घरी बोलू."

"इथंच बोल! बकरीएवढीही किंमत नाही का माझी?"

"टँटी, ऐक माझं. नको विचारूस."

"विचारणार! सांग सगळ्यांसमोर!"

लेनॉक्सने कपाळाला हात लावला. "अगं, पुस्तकातलं सगळं तूच तर मला सांगितलंस. खवले काढता काढता. मी नुसतं लिहून काढलं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फादरांचा पाणी शिंपडणारा हात वरच राहिला. सगळ्या माना इस्मेकडे वळल्या. पोस्टमन क्लोटिल्डकडे बघत होता आणि क्लोटिल्ड इस्मेकडे. मग ती पाठ फिरवून घराकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी इस्मेने शंख फुंकला. कोणी आलं नाही. पुन्हा फुंकला. शेजारी लेनॉक्स माश्या हाकत बसला होता. गाव गेलं तर गेलं, पण क्लोटिल्डवाचून आपण या किनाऱ्यावर करायचं काय, या विचाराने तिने शंख खाली ठेवला.

ऊन चढल्यावर क्लोटिल्डच आली आणि तिने टोपली टेबलावर आपटली.

"काटे काढून दे. आजपासून कायम."

इस्मे खाली मान घालून काटे काढू लागली.

"रुमाल हलवून हलवून खांदा दुखायचा माझा," क्लोटिल्ड म्हणाली. "ती कटकट तरी संपली. पण तू मेली चोंबडीच! तुला कळलं तरी कसं?"

"बहीण माझी. तिकडे त्रिनिदादच्या बाजारात बसते."

"मग तिने पाहिलं असेल त्याला." क्लोटिल्डचा आवाज एकदम खाली आला. "बरा आहे का गं तो?"

इस्मेला सगळं ठाऊक होतं. रोटीचं दुकान जोरात चालत होतं, दोन गोड मुली होत्या, आणि संध्याकाळी तो पायरीवर बसून त्यांच्या वेण्या घालायचा. सांगायला केवढी गोष्ट होती! तिने सुरी पुसली.

"पार टक्कल पडलंय," ती म्हणाली.

क्लोटिल्ड टेबल धरून हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भरलेली टोपली घेऊन ती गेली.

लेनॉक्स पुढे सरकला. "आणि पुढे काय, टँटी?"

"मासे घ्यायचे तर घे," इस्मे म्हणाली आणि तिने तिसऱ्यांदा शंख उचलला.