विहारासाठी सजवलेलं जुनिपर

मलकापुरात माणिकरावांच्या गच्चीवर उथळ कुंड्यांत बोन्साय केलेले वड, उंबर आणि एक पिंपळ होता. त्यात मान पिंपळाचा. दर बुद्धजयंतीला माणिकराव स्वतः तो विहारात मूर्तीपुढे नेऊन ठेवत. त्याआधी ते त्याची झाडून सगळी पानं खुडत, म्हणजे ऐन सणाला तांबूस, लुसलुशीत पालवी फुटलेली असे. त्यांची मुलगी पायल कात्री धरायला त्यांच्याकडेच शिकली.

कृषी महाविद्यालयाच्या सहलीतून तिनं हिमाचलातलं जुनिपरचं, थंड डोंगरातल्या सदाहरित झाडाचं, रोप आणलं. इथल्या उन्हात ते टिकणार नाही, असं सगळेच म्हणाले. तिनं हिरव्या जाळीखाली पाणी फवारून ते जगवलं, तार गुंडाळून फांद्या वाकवल्या, वाऱ्यानं झुकल्यासारखा डौल आणला. बंगळुरूला नोकरीवर निघताना म्हणाली, "बाबा, याचे फक्त शेंडे खुडजा. बाकी हात नका लावू."

"तू मले शिकवतं का वं?" माणिकराव हसले होते.

यंदा बुद्धजयंतीला ती येणार होती. पिंपळाशेजारी तिचंही झाड विहारात ठेवावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. पिंपळ उरकला आणि तीच कात्री जुनिपरवर चालली.

"काऊन इतकं भादरून राह्यले त्याले?" त्यांची बायको चांगुणाबाई ओरडल्या. "पोरीले इचारा तं खरं!"

"तिले काय इचारू? आली की पोरगी पाह्यतच राहीन."

तरी बायकोच्या शब्दाखातर त्यांनी खालची एक फांदी हिरवी सोडली.

पिंपळ फुटला. जुनिपरला मात्र एक कोंबही फुटेना. ही खालची फांदीच सगळा जोर खाऊन राह्यली, असं त्यांना वाटलं. फोन हातात घेतला, पण पोरीला विचारायचं जिवावर आलं. त्यांनी ती फांदीही भादरली.

पायल आली ती बॅग न ठेवता गच्चीवर. तिनं नखानं खोड खरवडलं. आत तपकिरी, वाळलेलं.

"बाबा, हे पानं नसलेल्या लाकडावर पुन्हा फुटत नाही. पिंपळ नाही हा."

"मले वाटलं..."

"एखादी तरी फांदी हिरवी ठेवली होती का? तेवढ्यावरही जगलं असतं."

चांगुणाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"ठेवली होती," माणिकराव म्हणाले.

"मग?"

विहारात त्या वर्षी पिंपळ पायलनं नेला. माणिकराव मागच्या रांगेत बसले आणि वंदना संपताच घरी आले.