भैरोबाच्या माळावरचा नारळ

माळावरून धावून आलेल्या माणसाने घरी बसून मोज्यातले एक कुसळ उपटावे, तर त्याच्या शेजारी आणखी तीन निघतात. आमच्या शर्यतीच्या आठवणींचे असेच आहे. एक सांगू लागलो की दुसरी बोटाला टोचते.

कागलच्या अलीकडच्या एका गावातील तालमीची ही शर्यत. माघातल्या एका रविवारी साडेसातला तालमीपासून सुटायचे, उसाच्या रानांतून, ओढ्यातून आणि शेवटी चढाने माळावरच्या भैरोबापर्यंत जायचे. अंतर पाच मैल. बरोबर नऊला आरती. ताटातला कापूर विझण्याआधी जो मंडपातली घंटा वाजवील, त्याचे नाव पुकारले जाई आणि त्याला देवाचा नारळ मिळे. नंतर येणाऱ्याला नुसता प्रसाद.

ब्याण्णव साली शाळेतून निवृत्त झालो आणि डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा धाक घातला, तेव्हापासून मी धावू लागलो. भजनामुळे मला सारे बुवा म्हणत, आणि देवळातली आरतीही वीस वर्षे माझ्याकडेच होती. पन्नाशीपुढच्या गटात आम्ही तिघेच. दुसरे शिवाप्पा, जयसिंगपूरचे किराणा व्यापारी. गळ्यात लिंग आणि बोलण्यात निम्मे कानडी. तिसरे दत्तोबा पाटील, एके काळचे नावाजलेले पैलवान. याशिवाय कांबळे सर, प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. ते धावत नसत. स्टॉपवॉच आणि वही सांभाळत. बुद्धाला मानणारे असल्याने देवळाची पायरी ते चढत नसत, आणि शर्यत कधी चुकवत नसत.

* * *

पहिल्या वर्षीची गोष्ट. मी बऱ्यापैकी पुढे होतो. पण शेवटची घंटा मंडपात, आणि देवाच्या मंडपात पायताण घालून जाणार कोण? पायरीशी थांबलो, खाली बसलो आणि बुटाच्या नाड्या सोडू लागलो. घामाने गाठ घट्ट बसलेली. शेजारी शिवाप्पाही तेच करीत बसलेले. तेवढ्यात मागची नऊ पोरे अनवाणी येऊन आम्हाला ओलांडून गेली.

कांबळे सरांनी वहीत पाहून शांतपणे सांगितले, “बुवा, पाच मैल तुम्ही चांगले धावलात. शेवटच्या पायरीला दीड मिनिट लागलं.”

पुढच्या वर्षी शिवाप्पांनी युक्ती केली. शेवटच्या चढालाच नाड्या सोडून ठेवल्या. त्यांचा एक बूट पायातून उडून वेळेवर देवळाशी पोहोचला. दुसरा आणि शिवाप्पा मागाहून आले.

* * *

धावताना नामस्मरण करण्याची मला सवय. पावलागणिक नाम घ्यावे, म्हणजे श्वास आपोआप ठिकाणावर राहतो. एका वर्षी चंदगडकडचा एक तरुण मैलभर माझ्या मागेच राहिला. मला वाटले, दमला असेल. मी अधिक प्रेमाने, अधिक संथ म्हणू लागलो.

अखेर तो शेजारी आला आणि हात जोडून म्हणाला, “आजोबा, ह्या तालातनं माझं पाऊल सुटंना झालंय. जरा फास्ट भजन घ्या की.”

मी लय वाढवली. तो दिसेनासा झाला.

* * *

दत्तोबांचे दुखणे वेगळे होते. त्यांच्या पायांत जोर होता, छातीत दम होता, फक्त जिभेवर नकार नव्हता. शर्यतीची वाट एका गुऱ्हाळावरून जाई. तिथली माणसे त्यांना ओळखत आणि रस्त्यात उभी राहत. पैलवान, रस घेतल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा त्यांचा आग्रह. दत्तोबा एक पेला घेत. मग कोणीतरी त्यांच्या जुन्या कुस्तीची आठवण काढी. दत्तोबा थोडक्यात सांगू लागत, आणि त्यांची प्रत्येक कुस्ती किमान पंचवीस मिनिटांची होती.

एका वर्षी तर त्यांनी गुऱ्हाळवाल्यांना डाव समजावा म्हणून एकाला चिखलात लोळवून दाखवले आणि त्याचे कपडे वाळेपर्यंत सोबतीला थांबले.

सात वर्षे हेच चालले. कांबळे सरांच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे मिनिटे आणि सेकंद असत. दत्तोबांच्या नावापुढे सातही वर्षे एकच नोंद: ‘येत आहेत.’

आम्ही हसत असू, तेही हसत. पण एकदा परतताना ते मला हळूच म्हणाले, “बुवा, घरात गदा हायत, फेटं हायत. त्यो नारळ तेवढा न्हाई. आमची मंडळी दर साली उंबऱ्यात हुबी ऱ्हाती. तोंडानं काय इचारत न्हाई, हाताकडं बघती.”

त्यानंतर मी त्या वहीवरून त्यांना कधी हसलो नाही.

* * *

आठव्या वर्षी त्यांचा उजवा गुडघा सुजला. यंदा धावलात तर धावलात, पुढे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. त्या सकाळी दत्तोबांनी गुऱ्हाळाकडे आधीच निरोप धाडला की आज कोणी हाक मारू नये.

मी आणि शिवाप्पा वेळेत पोहोचलो. नऊ वाजले. दत्तोबांचा पत्ता नव्हता. मी आरती सुरू केली. शिवाप्पांच्या हाती ताट होते. दुसऱ्या कडव्याला मंडपातून खाली ओढ्याशी एक पांढरी टोपी दिसली. ती एका बाजूला कलून, थांबत थांबत चढत होती.

वीस वर्षांत मी आरतीत एक अक्षर वाढवले नव्हते की गाळले नव्हते. देवापुढे आपले काही घुसडू नये, ही माझी निष्ठा. शेवटचे कडवे संपले. टोपी अजून चढाच्या निम्म्यावर होती. मी डोळे मिटले आणि पहिल्या कडव्यापासून पुन्हा सुरुवात केली.

पुजाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी खाली चढाकडे पाहिले आणि टाळ अधिक जोराने धरला. चिमूटभर हळदही तोलून देणारे शिवाप्पा कापराच्या वड्या एकामागून एक ताटात सोडू लागले.

तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा पुडा संपला होता, आणि माळावरचा वारा सुटला. ज्योत आडवी झाली. त्याच क्षणी कांबळे सरांनी पायरीशी बूट काढले, वर आले आणि आपली वही उघडून ज्योतीच्या वाऱ्याकडच्या अंगाला धरली. नजर मात्र स्टॉपवॉचवरच होती.

घंटा वाजली. सर्वांनी ती ऐकली, आणि मग कापूर विझला.

सरांनी वही मिटण्यापूर्वी त्यात एक शब्द लिहिला: ‘आले.’

नाव पुकारले गेले. दत्तोबा नारळ पोटाशी धरून खांबाला टेकून बसले. श्वास जाग्यावर आला तेव्हा त्यांनी मला खुणेने जवळ बोलावले.

“बुवा,” ते म्हणाले, “तीच आरती तीनदा म्हटलासा. वय झालं की तुमचं.”