डाळीचं पाणी

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण कोणाचं, असं कोणी विचारलं की मी माझ्या आत्याचं सांगतो. विचारणाऱ्याला एखाद्या प्राध्यापकाची अपेक्षा असते. प्राध्यापकांचे उपकार आहेतच, वसतिगृहाचे आहेत, शिष्यवृत्तीचे आहेत, आणि ते मी विसरलेलो नाही. पण समुद्रातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींचा अभ्यास करण्यात माझं सारं आयुष्य गेलं, ते आत्याच्या एका चुकीमुळे.

आमचं गाव अकोला आणि दर्यापूरच्या मधे, खारपाणपट्ट्यात. तालुक्याच्या नावात दर्या आहे. खरा दर्या तिथून फार लांब, पण जमिनीखालचं पाणी खारं. आमच्या वस्तीची विहीर तशीच. त्या पाण्याने अंघोळ, धुणं, ढोरांची तहान आणि बहुतेक वेळा आमचीही. फक्त त्यात तुरीची डाळ शिजत नसे. कितीही वेळ चुलीवर ठेवा, दाणा टणकच राही. म्हणून प्रत्येक घरात गोड्या पाण्याची एक लहान घागर वेगळी ठेवलेली असे. तिला ‘डाळीचं पाणी’ म्हणत. ते डाळीसाठी आणि पाहुण्यासाठी. पाहुण्याच्या हातात खाऱ्या पाण्याचा गडवा देणं ही त्या घराची लाज.

गोडी विहीर गावाच्या वरच्या अंगाला होती. तिथे आमच्या बायांनी घागर बुडवायची नाही, कडेला बसायचं आणि कोणी वरून ओतेल तेवढं आणायचं, अशी रीत. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. मी तेव्हा वडिलांजवळ अकोल्याला शिकत होतो. ते कापसाच्या जिनात कामाला होते. आई मी लहान असतानाच गेली होती, मला वाढवलं आत्याने. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलो तर आत्या घागर घेऊन निघालेली. सरळ गोड्या विहिरीवर गेली आणि दोर सोडला.

तिथली एक बाई म्हणाली, “काहून आली व इथं?”

“पाणी न्याले. तुमी कायले येता?”

“आजपासून असंच काय?”

“आजचं कायले इचारता? उद्या बी येईन.”

दुसऱ्या दिवशी कोणीतरी दगड मारून तिची घागर फोडली. तिने घागर दुसरी घेतली, वाट तीच ठेवली. मी पुढे ज्या ज्या दारांवर अडलो, तिथे मला ती वाट आठवली.

मॅट्रिकनंतर मी अमरावतीला कॉलेजात गेलो आणि वनस्पतिशास्त्र घेतलं. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला मिळाला तेव्हा वर्गात सगळे कांद्याची साल पाहत होते. मला मात्र घरचं काहीतरी पाहायचं होतं. आमच्या खाऱ्या विहिरीजवळ ढोरांसाठी दगडी हौद आहे. उन्हाळ्यात त्यातलं पाणी आटत जातं, काठावर मिठाचा पांढरा थर धरतो आणि उरलेलं पाणी हिरवंगार होतं. सुट्टीहून येताना मी ते बाटलीत भरून आणलं. भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येक थेंबात असंख्य हिरवे गोळे, प्रत्येकाला दोन बारीक शेपट्या, आणि सगळे पोहत होते. मी किती वेळ पाहत बसलो कोण जाणे. शिपाई दिवा घालवायला आला तेव्हा उठलो.

पुस्तकांत शोधलं. यांचे नातलग समुद्रात आणि मिठागरांत राहतात, असं कळलं. एम.एस्सी.च्या प्रबंधाला हाच विषय घ्यायचा, असं मी ठरवून टाकलं. पुढे किनाऱ्यावरच्या संशोधनशाळेत जायचं तर खाऱ्या पाण्यावरचं काहीतरी काम हातात असणं भाग होतं.

आमचे विभागप्रमुख पुण्याकडचे. शिकवायचे उत्तम. ते म्हणाले, “अहो, डबक्यातलं साधं शेवाळ असेल. हौदात पडलं आणि तगलं. ते खाऱ्या पाण्यातलंच आहे, हे कशावरून? आणि वऱ्हाडात बसून समुद्राचा अभ्यास? कापसाच्या पानांवरचे ठिपके घ्या. शेती खात्यात नोकरी लागेल. तुमच्यासारख्यांनी आधी नोकरीचं पाहावं.”

“तुमच्यासारख्यांनी” म्हणजे कोणी, हे मी विचारलं नाही. एवढंच म्हणालो, “सर, मला हेच करायचं आहे.”

“ठीक आहे. ताजा नमुना आणा. मी स्वतः पाहतो. नाहीतर कापूस.”

प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या, मला गावी जाता येईना. मी आत्याला निरोप पाठवला की हौदातलं हिरवं बाटलीत भरून पाठव, इथले साहेब पाहणार आहेत. आठवडी बाजाराला येणाऱ्या एका शेजाऱ्याने बाटली आणून दिली. बूच घट्ट, वरून धुतलेलं फडकं बांधलेलं.

सरांनी स्वतः थेंब काचेवर घेतला. बराच वेळ पाहिलं आणि बाजूला झाले. “बघा.”

पोहणारं काहीच नव्हतं. हिरवा चिखल आणि फुटलेल्या कातड्यांसारखं काहीतरी. मागे उभ्या असलेल्या वर्गमित्रांपैकी एक म्हणाला, “लेका, समुद्र वाटेतच आटला वाटते!” सगळे हसले. सर हसले नाहीत, पण त्यांनी कापसाच्या पानांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

मला काय सुचलं माहीत नाही. मी बाटलीत बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. खारपाणपट्ट्यातल्या माणसाची जीभ यात चुकत नाही. पाणी गोडं होतं.

“सर, हे हौदातलं पाणी नाही. हिरवं हौदातलं आहे, पाणी डाळीचं आहे. गोड्या पाण्यात ते मेलं. चाखून पाहा.”

मी बाटली पुढे केली. सर एक पाऊल मागे सरले. शेवाळाचं पाणी कोणीही चाखलं नसतं, असं मी त्यानंतर स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. पण त्या क्षणी मी हात मागे घेतला नाही. शेवटी तेच म्हणाले, “चाखण्याने काही सिद्ध होत नाही. करून दाखवा.”

शेवटचा पेपर झाला त्याच दिवशी एस.टी. धरली. आत्या अंगणात तूर पाखडत होती.

“आत्या, बाटलीत कोणतं पाणी टाकलं व?”

“डाळीचं. काहून?”

“मी हौदातलं सांगितलं होतं ना!”

“हिरवं टाकलं ना हौदातलं! दोन डाव फडक्यातून गाळलं, धुतलं अन् मंग चांगल्या पाण्यात टाकलं. सायबाले खारं पाणी पाठवू? तुह्या कॉलेजात आपली काही इज्जत हाय का नाई?”

मला हसू आवरेना. मी तिला सगळं सांगितलं. तिचा हात सुपावर थांबला.

“मेले? माह्यामुळं?”

“तुह्यामुळंच त कळलं आत्या. ते खाऱ्यातलेच आहेत. गोड्यात जगत नाहीत.”

तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “आमी बी जन्मभर खाऱ्यातच राह्यलो. गोड्या विहिरीवर गेलो त लोक म्हने, याइले सोसन काय? मी नाई फुटली बाप्पा!”

या वेळी हौदातून बाटली तिनेच भरली. बूच लावण्याआधी स्वतः एक थेंब चाखला आणि तोंड वाकडं केलं. “घे. अस्सल हाय.”

दुसऱ्या दिवशी सरांच्या डोळ्यांसमोर मी थेंब काचेवर ठेवला. गोळे पोहत होते. मग कडेने नळाच्या पाण्याचा एक थेंब आत सोडला. गोळे फुगले, थांबले आणि एकामागून एक फुटले. दुसऱ्या थेंबात तेच नळाचं पाणी मीठ घालून सोडलं तेव्हा गोळे पोहत राहिले. सर भिंगावरून डोळा काढीनात. मग त्यांनी विषयाच्या कागदावर सही केली आणि म्हणाले, “हे मला सुचायला हवं होतं.” एवढं म्हणणारा माणूस मोठाच. त्यांच्यावरचा माझा राग तिथेच अर्धा संपला. अर्धा मी मुद्दाम ठेवला, कामाला येतो म्हणून.

पुढे किनाऱ्यावर मुलाखतीला गेलो. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, “अमरावतीहून आलात? समुद्र पाहिलाय का कधी?”

“नाही, पाहिला नाही. खारं पाणी प्यालो आहे.”

निवड झाली. गेलो तेव्हा माझं बोलणं ऐकून कोणी हसे, कोणी मुद्दाम “काहून रे” म्हणून हाक मारी. मी ओ देत असे आणि माझं बोलणं बदलत नसे. दोन वर्षांनी जहाजावर जायला मिळालं. पुढची सगळी वर्षं त्याच कामात गेली: समुद्रात उजेड पोचतो तिथे कोणते जीव आपलं अन्न स्वतः करतात, कुठे वाढतात, कशाने मरतात. आपल्या श्वासातल्या प्राणवायूचा मोठा वाटा त्यांच्याकडून येतो, हे मी शेकडो विद्यार्थ्यांना शिकवलं. त्या पहिल्या फेरीत मी आत्याला पत्र लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, शेजारची शाळकरी पोर वाचून दाखवी. म्हणून घरच्याच बोलीत लिहिलं.

“आत्या,

मी जहाजावरून लिहून राहिलो. चारी बाजूले पाणी हाय. वैशाखात आपल्या हौदातलं असते तसं खारं. पहिल्याच दिवशी चाखून पाहिलं, सगळे हसले. मंग एका मोठ्या सायबानं बी चाखलं.

काल पाण्यावर दूरवर पिवळट पट्टा दिसला. जिनाच्या दारात रुईचा भुसा पसरते तसा. खलाशी म्हने घाण हाय. मी बादली सोडून वर घेतला, भिंगाखाली धरला. बारीक बारीक काड्यायच्या जुड्या, सगळ्या जिवंत. आपल्या हौदातल्याचे दूरचे सोयरे म्हन.

इथं पाण्याले धनी नाही. कोणाची बादली कुठं बुडाली हे कोणी पाहत नाही. माह्या हातची बाटली सारे हातात घेतात, उजेडाले धरतात. तू पाहाले पायजे होती. दोर तूच सोडला असता.

डाळ मात्र या पाण्यात बी शिजणार नाही.

तुह्यासाठी एक बाटली भरून आणून राहिलो. खारी हाय, खारीच राहू दे. पाहुणे आले त दाखव, पण तिच्यात डाळीचं पाणी टाकू नको.”